रिसेप्शनच्या टेबलांवर घरचेच तांबे

रिसेप्शनला प्रत्येक टेबलावर फुलांची सजावट डेकोरेटरकडून करून घेतली की खर्च फार वाढतो. भाचीच्या लग्नात आम्ही घरातल्या पितळी तांब्यांवर काम भागवलं आणि टेबलं फार देखणी दिसली.

१. आजी, मावशी, काकू, सगळ्यांकडचे तांबे-गडू गोळा करा. जुन्या भांड्यांवर नाव कोरलेलं असतंच. बाकीच्यांना तळाशी नावाची चिठ्ठी चिकटवा.

२. आदल्या दिवशी चिंच-मीठ लावून घासा, धुऊन लगेच कोरडे पुसा. ओले ठेवले तर पाण्याचे डाग उठतात.

३. फुलं सुटी, किलोवर घ्या. मुंबईत दादरचा फुलबाजार, पुण्यात मार्केट यार्ड. पहाटे गेलात तर माल ताजा मिळतो.

४. तांब्यात गळ्यापर्यंत पाणी भरा, कडेनं आंब्याची पाच-सहा पानं देठ पाण्यात बुडतील अशी लावा आणि मधोमध झेंडूची फुलं रचा. पिवळा आणि केशरी मिसळलात तर पितळ आणखी उजळतं. एवढंच. उंचीही बेताची राहते, समोरच्याशी बोलताना मान वाकडी करावी लागत नाही.

टेबलावर पणत्या मात्र ठेवू नका. वाढताना पदर, ओढण्या तिथूनच जातात.