जुना हंगाम हाताने सोडवताना: फिलाडेल्फिया वॉरियर्स, १९४६-४७

क्रीडा-पत्रकारितेत किंवा खेळाच्या आकडेवारीत यायचं म्हणणाऱ्या मुलांना मी एक काम सांगतो: एक जुना हंगाम घ्या आणि गणितासारखा हाताने सोडवा. मी घेतला होता तो बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिकेचा पहिला हंगाम, १९४६-४७. याच लीगची पुढे १९४९ मध्ये एनबीए झाली. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना स्कोअरर म्हणून टेबलावर बसायचो, तेवढीच माझी शिदोरी होती.

सुरुवात एका ओळीपासून करा. वॉरियर्सचा जो फुल्क्स: ६० सामने, १५५७ फटके, ४७५ बास्केट, ४३९ फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा फटका, आत गेला की एक गुण). ४७५ ची दुप्पट ९५०, त्यात ४३९ मिळवले की १३८९. सामन्यामागे २३.२ गुण. ही बेरीज स्वतः करा, कारण ती करतानाच कळतं की तेव्हा तीन गुणांची बास्केट नव्हतीच.

पहिल्या लेखात मी लिहून बसलो की फुल्क्सचा नेम कच्चा होता. दहांतले तीनच फटके आत. डेस्कवरच्या सरांनी लाल पेनने एवढंच लिहिलं: ‘बाकीच्यांचं काय?’ मग अख्खी लीग मांडली. सरासरी २८ टक्क्यांच्या आसपास निघाली. फुल्क्स ३०.५ टक्क्यांवर होता, म्हणजे सरासरीच्या थोडा पुढेच. लीग उभी केली होती आइस हॉकीच्या स्टेडियमवाल्यांनी. बर्फावर फळ्या अंथरून सामने व्हायचे, हॉल गार आणि फरशी ओलसर. अशा जागी तो उडी मारून हवेतून फटका मारायचा, तोही डाव्या-उजव्या कोणत्याही हाताने. ते वाचल्यावर माझा लेख मी फाडून टाकला.

असिस्टच्या, म्हणजे सहकाऱ्याला बास्केट करून देणाऱ्या पासांच्या, रकान्यात त्याच्या नावावर फक्त २५ आहेत. लगेच स्वार्थी म्हणू नका. लीगमध्ये पहिला आलेल्या अर्नी कॅल्व्हर्लीची सरासरीसुद्धा ३.४ होती. तरी २५ कमीच, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं.

रिबाउंडचा (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेल्या चेंडूंचा) रकाना मोकळा दिसेल. ते मोजायला लागले १९५०-५१ पासून. ब्लॉक (अडवलेले फटके) आणि स्टील (हिसकावलेले चेंडू) तर १९७३-७४ पासून. मी तिथे शून्यं भरली होती आणि सगळ्या सरासऱ्या बिघडल्या. मोकळी जागा मोकळीच ठेवा.

गुणतक्त्याशेजारी नियम ठेवून वाचायची सवय लावा. प्रशिक्षक रेड ऑरबाखच्या वॉशिंग्टनने ४९ जिंकले, ११ हरले. प्रशिक्षक एडी गॉटलिबचे वॉरियर्स ३५-२५. मग विजेतेपद वॉरियर्सकडे कसं? बाद फेरीत दोन्ही विभागांचे पहिले संघ थेट एकमेकांशीच भिडायचे. शिकागोने वॉशिंग्टनला ४-२ ने घरी पाठवलं. दुसऱ्या बाजूने वॉरियर्स सेंट लुईस आणि न्यूयॉर्कला हरवून वर आले. त्यातच जानेवारी १९४७ मध्ये, ऐन हंगामात, झोन डिफेन्सवर (खेळाडूऐवजी मैदानाचा भाग राखण्याच्या बचावावर) बंदी आली. म्हणून हंगामाचे दोन तुकडे करून पाहा. चोवीस सेकंदांत फटका मारायलाच लावणारं घड्याळ मात्र १९५४ चं, ते इथे शोधू नका.

हरलेल्यांचीही पानं उलटा. टोरोंटोत १ नोव्हेंबर १९४६ ला पहिला सामना झाला, न्यूयॉर्कने ६८-६६ असा जिंकला. टोरोंटोचा संघ पुढचा हंगाम खेळलाच नाही. क्लीव्हलँड, डेट्रॉइट, पिट्सबर्गही तसेच गेले. पगारावर घर चालवणारे खेळाडू होते ते, त्यांची नावं निदान एकदा वाचा.

अंतिम लढतीत शिकागोविरुद्ध वॉरियर्स ४-१. शेवटचा सामना २२ एप्रिल १९४७ ला, ८३-८०. फुल्क्सचे ३४ गुण रकान्यात ठळक दिसतात. पण ८०-८० अशी बरोबरी असताना संघाला पुढे नेणारी बास्केट हॉवी डॉलमारची होती, आणि तक्त्यात ती इतर बास्केटांसारखीच दोन गुणांची. ती मला सामन्याच्या वर्णनात सापडली. त्या रात्री वहीत मी एक नवा रकाना आखला: ‘बरोबरी असताना’.