माका, मका नव्हे

एका बाईंनी पांढऱ्या अस्तराचा ब्लाउज परत आणला आणि उलटा करून बगलेतली शिवण दाखवली. माझा लांबलचक केस टाक्यांत शिवला गेला होता. ओढला तर शिवणच ओढली जात होती, म्हणून कातरीच्या टोकाने दोन ठिकाणी तोडून काढला. बाई काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून मी डोक्याला रुमाल बांधूनच मशीनवर बसायला लागले.

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझी मशीन पाण्याखाली गेली, पुढचा महिना चिखल उपसण्यात गेला आणि सप्टेंबरात मला डेंगू झाला. त्यातून उठले, बरी झाले आणि डिसेंबरात केस गळायला लागले. मी पाण्याला दोष दिला, शाम्पूला दिला. मोठ्या तापानंतर केस लगेच नाही तर दोन-तीन महिन्यांनी गळतात, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर निम्मी झोप वाचली असती. तापाच्या दणक्याने वाढीला लागलेले पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात आणि सुटतात मागाहून. बाळंतपणानंतरही हेच होतं.

म्हणून केसगळतीवरच्या तेलाची कढई चढवायच्या आधी केस कसे जातायत ते बघा. दिवसाला ५० ते १०० केस कुणाचेही गळतात, त्याची काळजी नको. सगळ्या डोक्यावरून मुठीमुठीने जात असतील तर मागच्या तीन-चार महिन्यांत काय झालं ते आठवा, आणि रक्त तपासून घ्या. रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला असेल तर ती चाई. आयुर्वेदात तिला इंद्रलुप्त म्हणतात. तिच्यावर लसूण चोळून कातडी भाजून घेतलेली माणसं मी बघितली आहेत, तेव्हा सरळ डॉक्टर किंवा वैद्य गाठा. आणि वडिलांसारखं, काकांसारखं कपाळ मागे सरकत चाललं असेल, तर माझ्या तेलाने तिथे जावळ उगवणार नाही, हे आधीच सांगते. घट्ट अंबाडा, घट्ट पोनी घालणाऱ्यांनी तर आधी तेच सैल करावं. कानशिलावरचे केस ओढून ओढूनच जातात.

मी गेले आमच्या वैद्यांकडे. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि चिठ्ठीवर पहिली ओळ लिहिली ती रक्ततपासणीची. हिमोग्लोबिन निघालं ९.२, म्हणजे कमीच. "वहिनी, केस म्हणजे अस्थिधातूचा मल," ते म्हणाले. "हाडांचं पोषण होऊन मागे राहील त्यावर केस. तुमच्याकडे मागे राहायला काही आहे का?" डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या नाहीत. सोबत रोज एक आवळा, शेवग्याच्या पाल्याची भाजी, हळिवाचा एक लाडू सांगितला आणि जेवणावरचा चहा तोडला, कारण चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. चहा सोडणं सगळ्यात जड गेलं. बाजारातली बिनलेबलची भस्मं मात्र कुणी कितीही गोडवे गायले तरी पोटात घेऊ नका.

आता तेल. माक्याचं. माझी मुलगी फोनवर लिहिते तेव्हा दर वेळी 'मका' उमटतं, म्हणून स्पष्ट सांगते: कणसाचा मका नव्हे, माका, म्हणजे भृंगराज. पावसाळ्यात भाताच्या बांधावर हवा तेवढा असतो. डिसेंबरात मला तो पाटाच्या कडेला, ओल धरलेल्या जागी मिळाला. फूल पांढरं, शर्टाच्या बटणाएवढं. खात्री करायची तर पान चुरडा, हिरवा रस बघता बघता काळा पडतो. बोटांवरचा तो डाग लवकर जात नाही, म्हणून लग्नाची ऑर्डर हातात असताना या भानगडीत पडू नये.

प्रमाण जुनंच आहे: कल्क एक भाग, तेल चार, रस सोळा. म्हणजे पाव लिटर तेलाला लिटरभर रस आणि साठ ग्रॅम कल्क. कल्क म्हणजे ओली चटणी. मी माक्याचाच पाला आणि आवळ्याची पूड एकत्र वाटते. तेल घाण्यावरचं खोबरेल. घाटावर तिळाचं घेतात, तेही चालतं. ताजा माका मिळतच नसेल तर काष्ठौषधीवाल्याकडून अर्धा किलो सुका माका आणा, चार लिटर पाण्यात उकळून एक लिटर उरवा आणि रसाच्या जागी तो काढा वापरा.

पहिली खेप मी जाळली. गॅस मोठा ठेवून मशीनवर बसले, एक बाही जोडेपर्यंत घरभर करपट वास. दुसरी खेप घाईने उतरवली, तर आठवड्यात बाटलीच्या तळाशी पाणी साचून आंबूस वास यायला लागला. तिसऱ्या वेळी शेजारच्या काकी स्टूल घेऊन कढईपाशीच बसल्या.

त्यांनी शिकवलं ते असं. लोखंडी कढई, निम्मी रिकामी राहील एवढी मोठी. तेल कोमट करून त्यात कल्क, मग रस थोडा थोडा, कारण तो उसळतो. आंच बारीक. आधी खदखद मोठी असते, पाणी कमी होत जातं तसा आवाज बदलत जातो. तळाला कल्क धरतो, म्हणून उलथन्याने सारखं खरवडत राहायचं. शेवटी शेवटी तेलावर फेस चढतो. तूप कढताना फेस बसला की झालं समजतात, तेलाचं उलटं, फेस आला की जवळ आलं. मग थोडा कल्क उलथन्याच्या टोकावर काढून निवू द्यायचा आणि अंगठा-तर्जनीत वळायचा. चिकट लगदा राहिला तर थांबा. वात वळली गेली तर ती चिमट्यात धरून ज्योतीवर न्या. तडतडली तर पाणी आहे, मुकाट्याने पेटली तर तेल झालं. काकींनी वात पेटवली, कान लावून ऐकलं आणि मगच गॅस बंद केला. हे सगळं एका दिवसात उरकायचं नाही, मी दोन दिवस घेते. कोमट असतानाच मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळा आणि काचेच्या कोरड्या ठणठणीत बाटलीत भरा. बाटलीत ओला चमचा गेला की संपलं.

पहिल्यांदा कानामागे थेंबभर लावून एक दिवस थांबा. खाज, पुरळ नाही आली तर आठवड्यातून दोनदा. वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करायचं, भांग पाडत पाडत बोटांच्या पेरांनी मुळाशी लावायचं. खसाखसा चोळलं तर सुटायला आलेले केस तिथेच हातात येतात. तासाभराने धुवा, रात्रभर ठेवायची गरज नाही. डोक्यात कोंडा असेल तर आधी कोंड्याचं बघा. मी कोंड्यावरच तेल थापत होते आणि तो वाढत होता, कारण त्यातली बुरशी तेलावरच पोसते.

धुण्याला शिकेकाई दोन भाग, आवळकाठी एक, रिठा आणि नागरमोथा अर्धा अर्धा. रात्री भिजवून सकाळी उकळायचं आणि गाळायचं. रिठा जास्त झाला तर केस काथ्यासारखे होतात आणि डोळ्यांत गेलं तर काय होतं ते सांगायला नको. ओल्या केसांत फणी घालू नका.

केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, तेव्हा पंधरा दिवसांत आरशासमोर उभं राहून उपयोग नाही. माझं गळणं फेब्रुवारीत कमी झालं. एप्रिलमध्ये भांगाच्या कडेला पेरभर केस ताठ उभे राहिले, तेल लावूनही बसत नव्हते. वैद्यांना विचारलं, तेल नसतं लावलं तर आले नसते का? "आले असते बहुतेक," ते म्हणाले. "पण तोवर तुम्ही दहा शाम्पू बदलले असते."

रुमाल मात्र सुटला नाही. पांढरं अस्तर असलं की अजूनही बांधते.