बलेनो की ग्लान्झा, स्विफ्ट की नियॉस? गाडी घेण्याआधी या चुका टाळा

दसरा किंवा पाडवा जवळ आला की मला येणारे फोन एकाच साच्याचे असतात. "दोन गाड्या फायनल केल्यात, यातली कुठली घेऊ?" समोरच्याने रात्र-रात्र जागून यूट्यूब पालथं घातलेलं असतं, दोन्ही ब्रोशर तोंडपाठ असतात. "कुठलं व्हेरिएंट?", म्हणजे त्याच गाडीची कमी-जास्त सोयींची कुठली आवृत्ती, असं विचारलं की मात्र, "ते अजून बघितलं नाही."

गाडी बघायची, व्हेरिएंट बघायचं नाही

माझ्या डोक्यात जाणारी ही पहिली चूक. रिव्ह्यूवाल्यांच्या हातात टॉप मॉडेल असतं, शोरूमच्या काचेआडही बहुतेक तेच उभं असतं. जीव जडतो मारुती बलेनोच्या अल्फा या टॉप व्हेरिएंटवर आणि खिसा असतो खालच्या डेल्टाचा. डेल्टात ३६० डिग्री कॅमेरा नाही, काचेवर वेग दाखवणारा डिस्प्ले नाही, चाकं पंधरा इंची आणि स्टीलची. सीएनजी हवी असेल तर अल्फाचा विषयच संपला, त्यात ती मिळत नाही.

त्यात बलेनो की ग्लान्झा यावर महिना-महिना काथ्याकूट करणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. ग्लान्झा २०१९ मध्ये आली तीच मुळी टोयोटाचा बिल्ला लावलेली बलेनो म्हणून. तयार होते सुझुकीच्या गुजरातमधल्या कारखान्यात. ११९७ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच. तोंडवळा, चाकांची नक्षी, आतला रंग आणि व्हेरिएंटची वाटणी एवढाच काय तो फरक. तरी लोक विचारतात, "इंजिन कुणाचं स्मूद आहे?"

"टोयोटाची वॉरंटी जास्त" हा मुद्दाही शिळा झाला. मारुतीने जुलै २०२४ पासून आपली वॉरंटी दोन वर्षांवरून तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली, टोयोटाचीही तेवढीच आहे. जुने व्हिडिओ बघून मत बनवणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

मी काय करतो? ब्रोशर बाजूला ठेवायला लावतो आणि बजेटमध्ये बसणारं दोन्हीकडचं एकेकच व्हेरिएंट कागदावर लिहायला सांगतो. शेजारी रोज लागणाऱ्या गोष्टी: मागचा वायपर, ड्रायव्हर सीटची उंची वर-खाली होते का, मागच्या सीटला एसीचं तोंड आहे का. त्याखाली घरापासून सर्व्हिस सेंटर किती लांब आणि गाडी कधी मिळणार. जुळ्या गाड्यांचा निकाल बहुतेक वेळा या शेवटच्या दोन ओळींतच लागतो. सनरूफ मी या यादीत धरत नाही, कुणाला राग आला तर येवो.

टेस्ट ड्राइव्हच्या नावाखाली शोरूमला प्रदक्षिणा

माझा एक मामेभाऊ चिपळूणला असतो. कामासाठी कराडला सारखी ये-जा, म्हणजे कुंभार्ली घाट पाचवीला पुजलेला. दोन गाड्यांमध्ये अडकला होता, त्यातली एक त्याने ऑटोमॅटिक घ्यायची ठरवली. शोरूममध्ये चालवून बघायला ऑटोमॅटिक नव्हती. सेल्समन म्हणाला, "सर, इंजिन सेमच आहे, मॅन्युअल चालवून बघा." याने बघितली. एकट्याने, सपाट हायवेवर, एसी मंद ठेवून. खूश होऊन बुकिंगचे पैसे भरून आला.

गाडी आल्यावर पहिल्याच शनिवारी मामा, मामी, बायको, पोरगा आणि डिकीत तांदळाचं पोतं घेऊन घाट चढायला लागला. पुढे माल भरलेला ट्रक. वळणावर याने ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलला की गाडी वरचा गिअर टाकायची. पुन्हा दाबला की क्षणभर विचार करायची, मग हिसका देऊन खालचा. मागे बसलेल्यांच्या माना प्रत्येक वळणावर पुढे-मागे. मामींना मळमळायला लागलं. एका चढावर ट्रक थांबला, हाही थांबला आणि निघताना गाडी हातभर मागे सरकली. मागे एसटी. तिने जो हॉर्न लावला तो सोडलाच नाही. वर पोचल्या पोचल्या मला फोन, "गाडीत डिफेक्ट आहे, परत देतो."

डिफेक्ट काही नव्हता. स्वस्त ऑटोमॅटिक म्हणजे बहुतेक वेळा एएमटी. गिअरबॉक्स साधा मॅन्युअलचाच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. पुढे चढ आहे हे त्या यंत्राला दिसत नाही. घाटात लिव्हर एम (मॅन्युअल) मध्ये ओढून दुसरा गिअर धरून ठेवायचा, तेवढं केलं की काम होतं. हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय, तीही ब्रेक सोडल्यावर जेमतेम दोन-तीन सेकंद गाडी धरते, तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर जायला हवा. आणि आपल्या व्हेरिएंटमध्ये हिल होल्ड आहे की नाही, हे याने बघितलंच नव्हतं. आता तो एम मध्ये मजेत चढतो. मामी मात्र अजून एसटीच पसंत करतात.

माझा नियम सरळ आहे. जो गिअरबॉक्स घेणार तोच चालवायचा, घरचे सगळे बसवून आणि एकदा तरी चढावर. घाट नसेल तर फ्लायओव्हर चालेल, मॉलच्या पार्किंगचा रॅम्पही चालेल. चढावर मुद्दाम थांबायचं आणि पुन्हा निघायचं. ती गाडी टेस्ट ड्राइव्हला नसेल तर दुसरं शोरूम गाठायचं. दिवाळीच्या शर्टासाठी लोक चार दुकानं फिरतात आणि आठ लाखांची गाडी एका चकरेत ठरवतात.

दोन कोटेशनची शेवटची ओळ तेवढी बघणे

ऑन-रोडचा, म्हणजे टॅक्स-विमा धरून येणारा, आकडा बघून "ही पंधरा हजारांनी महाग" असं ठरवू नका. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला स्वतःच्या नावावर ११ टक्के रोड टॅक्स लागतो, त्यात शोरूमची मर्जी चालत नाही. नव्या गाडीचा थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो आणि त्याचा दर सरकारने ठरवलेला असतो. दोन्ही इंजिनं ११९७ सीसीची असतील तर रुपयाचाही फरक यायला नको. फरक लपतो तो स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात, ॲक्सेसरीजच्या पॅकेजमध्ये आणि "हँडलिंग" नावाच्या ओळीत. ती ओळ मी पेनाने खोडून कागद परत देतो. विमा शोरूममधूनच घ्या अशी सक्ती ते करू शकत नाहीत, बाहेरचं कोटेशन खिशात ठेवून बोला.

बाकीच्या, थोडक्यात

ब्रोशरवरचं मायलेज चाचणीतलं असतं. दोन गाड्यांची तुलना करायला ठीक, महिन्याचा पेट्रोलचा हिशोब मांडायला नाही.

सीएनजी घेताना डिकी उघडून सिलिंडर बघा आणि मग गणपतीला गावी जाताना बॅगा कुठे ठेवणार ते ठरवा.

सुरक्षेचे तारे वाचताना कुठली चाचणी, कुठल्या वर्षीची, हे बघा. २०२१ मध्ये लॅटिन एनकॅप या लॅटिन अमेरिकेतल्या धडक-चाचणीने बलेनोला शून्य तारे दिले होते, ती दोन एअरबॅगची आणि आधीच्या पिढीची गाडी होती. भारत एनकॅप या आपल्याकडच्या चाचणीत नव्या बलेनोला चार मिळाले. व्हॉट्सॲपवर अजून तो शून्यच फिरतो.

सोसायटीचं पार्किंग टेपने मोजा. दोन्ही गाड्या चार मीटरच्या आत असल्या तरी खांबाशेजारी दार किती उघडतं, हे ब्रोशर सांगत नाही.

मुहूर्तावर डिलिव्हरी घ्या, पण गाडी तपासायची ती पासिंगच्या आधी, यार्डात, दिवसा उजेडी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२५ म्हणजे टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पाडव्याला मिळणारी गाडी आदल्या वर्षी बनलेली असू शकते. आरसीवर बनावटीचा महिना आणि वर्ष छापलं जातं, विकताना गिऱ्हाईक तेच वाचून भाव पाडतो. तशी गाडी घ्यायला माझी ना नाही, पण मग डिस्काउंट त्या हिशोबाने मागा, आणि तोही पैसे भरण्याआधी.