ईलीचं जहाजावरचं लँडिंग घरी टेबलावर कसं करायचं

18 जानेवारी 1911 ला युजीन ईली या अमेरिकन वैमानिकाने सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत पेनसिल्व्हेनिया या क्रूझरवर, म्हणजे युद्धनौकेवर, विमान उतरवलं, जगात पहिल्यांदाच, आणि ब्रेक म्हणून काय तर विमानाखालच्या हूकांत अडकणारे आडवे दोर नि त्यांना बांधलेल्या वाळूच्या पिशव्या! पोरांना दाखवायचं तर टेबलावर दोन लांब पट्ट्या समांतर ठेवा, त्यावरून आडवे दोरे टाका, म्हणजे दोरे जरा उचललेले राहतात, नाहीतर हूक अडकतच नाही. प्रत्येक दोऱ्याच्या दोन्ही टोकांना वाळूची पुरचुंडी, पण ती टेबलावरच ठेवा, लटकवू नका. खेळण्यातल्या गाडीखाली हूक म्हणून पेपरक्लिप वाकवून लावा आणि ढकला. एकच जड पुरचुंडी असली तर गाडी गपकन उलटते, म्हणून हलक्या आणि जास्त घ्या, ईलीकडे 22 दोर होते. गड्याने अंगाला सायकलच्या ट्यूबा गुंडाळलेल्या, हेच लाइफ जॅकेट!