बीमलाइन फॉर स्कूल्स: प्रस्ताव पाठवण्याआधीची तयारी

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेची ‘बीमलाइन फॉर स्कूल्स’ ही स्पर्धा २०१४ साली, संस्थेच्या साठाव्या वर्षी सुरू झाली. शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयातल्या मुलांनी एक प्रयोग सुचवायचा, तो हजार शब्दांच्या आत आणि एका छोट्या व्हिडिओत मांडायचा. ज्यांचा प्रस्ताव निवडला जातो ते खऱ्या त्वरकावर (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर) जाऊन तो प्रयोग स्वतःच्या हातांनी करतात, आणि जाण्या-राहण्याचा खर्च त्यांच्यावर पडत नाही. २०१८ साली जिंकलेल्या दोन संघांपैकी एक मनिलाचा होता आणि दुसरा मुंबईच्या आर. एन. पोदार शाळेचा. त्यामुळे हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, असं कुणी स्टाफरूममध्ये म्हणालं तर हे उदाहरण पुढे ठेवा आणि कामाला लागा.

संघात किमान पाच जण लागतात, वय सोळा किंवा त्याहून जास्त, आणि सोबत एक प्रौढ मार्गदर्शक. प्रस्तावाची मुदत साधारण मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये असते, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेच्या आगेमागेच. म्हणून संघ अकरावीतल्या मुलामुलींचा करावा आणि गणपती झाले की लगेच बसायला सुरुवात करावी. कामं वाटून घ्या: कुणी गणितं, कुणी डिटेक्टर (कण टिपणारी उपकरणं), कुणी लिखाण. पण ‘मी फक्त व्हिडिओ करतो’ असं कुणालाही म्हणू देऊ नका. पाचांपैकी कुणालाही मध्येच उठवून विचारलं तरी सगळा प्रयोग सांगता आला पाहिजे.

पहिलं खरं काम म्हणजे बीम, अर्थात त्वरकातून येणारा कणांचा झोत, समजून घेणं. बहुतेक संघ इथे घाई करतात आणि प्रस्ताव इथेच कच्चा राहतो. सर्नमध्ये हा प्रयोग लार्ज हॅड्रॉन कोलायडर या तिथल्या सर्वांत मोठ्या त्वरकावर होत नाही. तो होतो प्रोटॉन सिंक्रोट्रॉनच्या बीमवर. ६२८ मीटर परिघाचं हे यंत्र १९५९ पासून चालू आहे. त्यातले प्रोटॉन एका लक्ष्यावर आदळतात, त्यातून पायॉन, प्रोटॉन, इलेक्ट्रॉन, म्यूऑन, थोडे केऑन असं निरनिराळ्या कणांचं मिश्रण बाहेर पडतं आणि तेच तुमच्याकडे येतं. त्याचा संवेग निवडता येतो, पण वरची मर्यादा दहा-पंधरा जीईव्ही/सीच्या आसपास आहे (जीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक, जीईव्ही/सी हे संवेगाचं). एवढ्या ऊर्जेत हिग्ज बोसॉन हा जड कण तयार होत नाही. तेव्हा हिग्ज, कृष्णद्रव्य, विश्वाची उत्पत्ती हे विषय कितीही आवडते असले तरी बाजूला ठेवा. शिवाय त्या वर्षी प्रयोग कुठे होणार आहेत ते आधी पाहा. सर्नचे त्वरक बंद होते तेव्हा, २०१९ पासून, विजेते हॅम्बुर्गच्या डेझी प्रयोगशाळेत गेले होते. तिथे बीम इलेक्ट्रॉनचा किंवा पॉझिट्रॉनचा (इलेक्ट्रॉनच्या धन प्रभाराच्या जोडीदाराचा) आणि साधारण १ ते ६ जीईव्हीचा. पायॉनवर बेतलेला प्रयोग तिथे चालणार नाही.

आता प्रश्न ठरवा. तो एका वाक्यात लिहिता आला पाहिजे आणि त्याचं उत्तर एखाद्या आकड्यात यायला हवं. नमुना म्हणून एक गणित सगळ्यांनी मिळून, फळ्यावर, कॅल्क्युलेटर घेऊन करा. मिश्रणातले पायॉन आणि प्रोटॉन वेगळे ओळखायचे आहेत. दोन सिंटिलेटर (कण आरपार गेला की चमकणारे डिटेक्टर) दहा मीटर अंतरावर ठेवले आणि कणाला एकाकडून दुसऱ्याकडे जायला लागणारा वेळ मोजला. संवेग सारखा असेल तर पायॉनपेक्षा जड असलेला प्रोटॉन मागे पडतो. १ जीईव्ही/सीला तो पायॉनच्या सुमारे १२ नॅनोसेकंद नंतर पोचतो, ३ जीईव्ही/सीला हा फरक दीड नॅनोसेकंदावर येतो आणि १० जीईव्ही/सीला जेमतेम ०.१४ उरतो. कारण तिथे दोघेही जवळजवळ प्रकाशाच्याच वेगाने पळत असतात. म्हणजे ‘जास्त ऊर्जा घेतली की प्रयोग चांगला होतो’ हा समज चुकीचा. तुमच्या प्रश्नाला कोणता संवेग मानवतो ते हे आकडे सांगतात. प्रस्तावात असं एक गणित नीट, एककांसकट आलं, तर ही मुलं तयारीची आहेत हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. चुंबक वापरणार असाल तर तो कणाला किती वळवेल हेही काढा. चुंबकीय क्षेत्र गुणिले चुंबकाची लांबी ०.५ टेस्ला-मीटर असेल, तर ५ जीईव्ही/सीचा एकक प्रभाराचा (म्हणजे प्रोटॉन किंवा इलेक्ट्रॉनइतक्या प्रभाराचा) कण ०.०३ रेडियनने वळतो आणि दोन मीटर पुढे सरळ रेषेपासून सहा सेंटिमीटर बाजूला पडतो. तिथे ठेवलेला डिटेक्टर तेवढा रुंद आहे का, ते बघून घ्या.

आयोजक उपलब्ध उपकरणांची माहिती देतात, ती प्रत्येकाने छापून घेऊन वाचावी. सिंटिलेटर कण कधी आला ते सांगतो, वायर चेंबर कुठून गेला ते, चेरेन्कोव्ह काउंटर त्याच्यात भरलेल्या वायूतल्या प्रकाशापेक्षा वेगवान कण ओळखतो, आणि शिसेयुक्त काचेचा कॅलरीमीटर इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजतो. यातलं लागेल तेवढंच घ्या. कागदावर मांडणी काढताना अंतरं लिहा. प्रत्येक उपकरण का आहे, हे शेजारी एका ओळीत लिहिता आलं नाही तर ते खोडा.

किती कण मोजायचे, हेही ठरवून ठेवा. शंभर मोजले तर अनिश्चितता दहा टक्के, दहा हजार मोजले तर एक टक्का. शोधायचा परिणाम दोन टक्क्यांचा असेल आणि तुम्ही शंभर कणांवर थांबणार असाल, तर हाती काहीच लागणार नाही.

प्रस्तावात तीन गोष्टींची उत्तरं हवीत: तुम्हाला यायचं का आहे, बीम कसा वापरणार, आणि या अनुभवातून काय मिळेल असं वाटतं. पहिल्या आणि तिसऱ्या उत्तरात भारावून जाऊ नका. मजकूर इंग्रजीत पाठवायचा असला तरी चर्चा मराठीतच करा, भांडण मराठीतच होऊ द्या. मुद्दा पटला की मग लिहा.

व्हिडिओसाठी माझा आग्रह क्लाउड चेंबरचा, म्हणजे कणांच्या वाटा धुक्यात उमटवणाऱ्या डब्याचा आहे. पारदर्शक डबा, तळाला काळा पत्रा, वर आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला फेल्ट, खाली कोरडा बर्फ, आणि बाजूने टॉर्च. कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) उणे ७८ अंशांचा असतो, म्हणून जाड हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा आणि अल्कोहोलजवळ ज्योत नको. दहा-पंधरा मिनिटांनी तळाशी धुक्याचा पातळ थर बसतो आणि त्यात रेघा उमटायला लागतात: अल्फा कणांच्या आखूड, जाड, म्यूऑनच्या लांब, सरळ, कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनच्या वेड्यावाकड्या. ते पाहताना मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते कुठल्याही ॲनिमेशनने येत नाही, तेच कॅमेऱ्यात टिपा. आवाज मात्र वेगळा, शांत खोलीत रेकॉर्ड करा. वर्गातला पंखा सगळं बिघडवतो.

मसुदा तयार झाला की आठवीच्या वर्गासमोर उभे राहून सांगा. आठवीतली मुलं ‘पण तो कण दिसत नाही, मग आहे हे कसं कळलं?’ असं विचारतात. त्याचं उत्तर देता आलं नाही तर प्रस्तावातला तो परिच्छेद पुन्हा लिहा. नंतर जवळच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांकडून आकडे तपासून घ्या.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही घालू नका. शब्द मोजा, आकृतीतली अक्षरं मोबाइलवर वाचता येतात का बघा, व्हिडिओची लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा, पालकांची संमती आणि सगळ्यांच्या जन्मतारखा एका कागदावर ठेवा. मुदत युरोपच्या वेळेनुसार असते. जिनिव्हा आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतं, पण त्या तासांवर विसंबू नका. आदल्या दिवशी दुपारीच, सगळे एकत्र बसलेले असताना, प्रस्ताव पाठवून द्या.