एपीआय गेटवेचं मॉनिटरिंग: डॅशबोर्ड हिरवागार आणि लोकांना ५०२, या चुका टाळा

मागे आमच्याकडे एकदा असं झालं की सपोर्टवाले ओरडतायत, ॲपमध्ये ऑर्डर हिस्टरी उघडत नाहीये, आणि आम्ही सगळे लॅम्डाच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे एडब्ल्यूएसवर, आपला कोड चालवणारी सर्विस) डॅशबोर्डकडे डोळे लावून बसलोय, तिथे एरर शून्य. अगदी शून्य. पाऊण तास गेला त्यात. शेवटी एकाने एपीआय गेटवेचा, म्हणजे ॲपच्या रिक्वेस्ट आधी घेऊन मागच्या कोडकडे देणाऱ्या दाराचा, एक्झिक्युशन लॉग (रिक्वेस्टचं गेटवेने काय केलं त्याची नोंद) उघडला तर तिथे सरळ लिहिलेलं, 'मालफॉर्म्ड लॅम्डा प्रॉक्सी रिस्पॉन्स'. सकाळच्या डिप्लॉयमध्ये कोणीतरी बॉडीची स्ट्रिंग करायला विसरलं होतं आणि अख्खा ऑब्जेक्ट तसाच परत पाठवला होता. लॅम्डाच्या हिशोबाने फंक्शन नीट संपलं, गेटवेला मात्र तो रिस्पॉन्स कळेना, म्हणून त्याने लोकांच्या हातात ५०२, म्हणजे 'मागून नीट उत्तर आलं नाही' हा एरर, ठेवला.

तर एडब्ल्यूएस एपीआय गेटवे वापरत असाल तर सगळ्यात मोठी चूक हीच, फक्त मागच्या सर्विसवर नजर ठेवायची आणि गेटवे म्हणजे नुसता पाइप समजायचा. ऑथरायझरने (कोणाला आत सोडायचं ते तपासणारा) नाकारलं, थ्रॉटल झालं (मर्यादेपेक्षा जास्त रिक्वेस्ट म्हणून अडवलं), पाथ चुकला, यातली एकही रिक्वेस्ट तुमच्या कोडपर्यंत पोचतच नाही, मग कोडच्या लॉगमध्ये काय डोंबल दिसणार? पाथ चुकला की रेस्ट एपीआय (गेटवेवरच्या एपीआयचा एक प्रकार, एचटीटीपी एपीआय हा दुसरा) ४०३ देतो आणि मेसेज असतो 'मिसिंग ऑथेंटिकेशन टोकन', मग नवीन पोरं तासभर टोकन तपासत बसतात आणि शेवटी निघतं काय तर यूआरएलमध्ये स्टेजचं नाव (प्रॉड, टेस्ट वगैरे) टाकायचं राहिलं होतं. आम्ही आता दोन ग्राफ एकाखाली एक लावलेत, वर गेटवेचे ५०० च्या घरातले एरर, खाली लॅम्डाचे. वरचा चढला आणि खालचा सपाट असेल तर आधी गेटवेचा लॉग उघडायचा.

आता अलार्म. ५xx चं, म्हणजे त्याच ५०० च्या घरातल्या एररचं, मेट्रिक घेताना सम घेतला तर एररची संख्या मिळते, ॲव्हरेज घेतला तर एरर रेट मिळतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. नुसत्या संख्येवर अलार्म लावला की सेलच्या दिवशी उगाच वाजतो, नुसत्या रेटवर लावला की पहाटे ३ ला दोन रिक्वेस्ट आल्या, त्यातली एक पडली, झाले ५० टक्के, ऑनकॉलवाल्याची झोप गेली. दोन्ही अटी एकत्र लावा, रेटही हवा आणि किमान ट्रॅफिकही हवं. आणि रात्री ट्रॅफिकच नसेल तर डेटा पॉइंटच येत नाही, अलार्म 'इनसफिशियंट डेटा' मध्ये जातो, त्याला घाबरू नका, फक्त डेटा नसताना काय समजायचं ते सेटिंग विचार करून निवडा.

लेटन्सीची मेट्रिक्स दोन असतात आणि लोक एकच बघतात. लेटन्सी म्हणजे गेटवेला रिक्वेस्ट मिळाल्यापासून उत्तर परत जाईपर्यंतचा वेळ, इंटिग्रेशन लेटन्सी म्हणजे त्यातला मागच्या सर्विसने खाल्लेला. फरक मोठा दिसला तर मागच्या टीमशी भांडण्याआधी ऑथरायझर बघा, बहुतेक वेळा तोच असतो. लेटन्सीचा ॲव्हरेज तर बघूच नका, पी९९ बघा (१०० पैकी ९९ रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत संपतात तो आकडा).

२९ सेकंदांचं प्रकरण वेगळंच. रेस्ट एपीआयचा इंटिग्रेशन टाइमआउट डीफॉल्टला २९ सेकंद (२०२४ पासून रीजनल आणि प्रायव्हेट एपीआयना वाढवून मिळतो, एचटीटीपी एपीआयला कमाल ३०). तो ओलांडला की युजरला ५०४ (वेळ संपल्याचा एरर) जातो पण लॅम्डा मागे चालूच राहतो आणि काम पूर्णही करतो. युजर बिचारा पुन्हा बटण दाबतो आणि एकाच ऑर्डरच्या दोन एंट्र्या. त्यामुळे पी९९ २० सेकंदांच्या पुढे सरकला तरी अलार्म वाजला पाहिजे, ५०४ यायची वाट बघायची नाही.

४२९ ला (थ्रॉटल झाल्याचा एरर) रेस्ट एपीआयमध्ये स्वतःचं मेट्रिक नाही, तो ४xx च्या, म्हणजे ४०० च्या घरातल्या एररच्या, गर्दीत मिसळलेला असतो. आणि थ्रॉटलची डीफॉल्ट लिमिट, बहुतेक रीजनमध्ये सेकंदाला १०,००० रिक्वेस्ट, ही एका एपीआयची नसून त्या रीजनमधल्या अख्ख्या अकाउंटची आहे, म्हणजे स्टेजिंगवर कोणी जोरात लोड टेस्ट मारली आणि अकाउंट एकच असेल तर मार प्रॉडक्शनला बसतो! ४२९ वेगळे मोजायचे तर ॲक्सेस लॉग जेसनमध्ये चालू करा, त्यात रिक्वेस्ट आयडी, स्टेटस, इंटिग्रेशनचा स्टेटस, एररचा मेसेज आणि दोन्ही लेटन्सी एवढं हवंच. तोच रिक्वेस्ट आयडी कोडच्या लॉगमध्येही छापा, नाहीतर दोन लॉग जुळवताना वेळेच्या अंदाजाने बोटं ठेवत बसाल.

लॉग चालूच होत नसतील तर अकाउंट सेटिंगमध्ये क्लाउडवॉचचा (एडब्ल्यूएसची मेट्रिक्स आणि लॉग ठेवणारी सर्विस) रोल, म्हणजे तिथे लिहायची परवानगी, दिलाय का बघा, तो रीजनप्रमाणे वेगळा द्यावा लागतो. एचटीटीपी एपीआयला एक्झिक्युशन लॉग नसतातच, शोधू नका. रेस्टमध्ये डीबग करताना पूर्ण रिक्वेस्ट-रिस्पॉन्सचा लॉग चालू करून विसरू नका, लोकांचे फोन नंबर आणि पत्ते त्यात जाऊन बसतात आणि लॉग ग्रुपची मुदत डीफॉल्टला कायमची असते.

बाहेरचा मॉनिटरिंग प्लॅटफॉर्म जोडला असेल, डेटाडॉग वगैरे, तर मेट्रिक्स उशिरा येतात हे धरून चला, त्यांचं साधं पोलिंग (ठरावीक वेळाने डेटा ओढणं) डीफॉल्टला १० मिनिटांनी होतं, मेट्रिक स्ट्रीम लावली की दोन-तीन मिनिटांवर येतं. टॅगमध्ये युजर आयडी टाकायचा मोह आवरा, प्रत्येक युजरमागे वेगळं मेट्रिक मोजलं जातं, बिल बघून मॅनेजर आवरणार नाही.

आणि हो, यूटीसी, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ, ग्राफवर तीच होती. रोज ३:३० ला ट्रॅफिक चढतं म्हणून आम्ही दोन दिवस रात्रीचा कुठला जॉब चालतो ते शोधत होतो, ती आपली सकाळची ९ ची लॉगिनची गर्दी निघाली.