तापल्यावर बंद पडणारं इंजिन: आधी आरपीएमचा काटा बघा

गोव्याहून चोर्ला घाट चढून कणकुंबीला पोचेपर्यंत स्पोर्ट्स कार चांगली तापते आणि मध्येच बंद पडते. अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी चालू होते. बेळगावात मेकॅनिककडे नेईपर्यंत इंजिन थंड, म्हणजे दोष गायब! म्हणून तपासणी बंद पडल्या जागीच करायची. गाडी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा.

१. चावी फक्त ऑन करा. पेट्रोल पंपाची दोनेक सेकंद घूं ऐकू यायला हवी. नाही आली तर पंप, त्याचा रिले (पंपाला वीज जोडणारा स्विच) किंवा फ्यूज बघायचा.

२. आता स्टार्टर मारा आणि नजर आरपीएमच्या, म्हणजे इंजिन किती वेगाने फिरतंय ते दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा. इंजिन फिरतंय, पण काटा शून्यावरून हलतच नाही? मग पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर. तापल्यावर आतली वायर तुटक होते, निवल्यावर पुन्हा जुळते. काही गाड्यांत स्टार्टर मारताना काटा एरवीही हलत नाही, म्हणून थंड इंजिनावर एकदा बघून ठेवा.

३. सेन्सरपर्यंत हात पोचत असेल तर त्यावर ओलं फडकं धरा. दोन-चार मिनिटांत गाडी चालू झाली तर चोर बहुतेक सापडला.

काटा हलतो, पंपही वाजतो? मग कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग, तपासून घ्या.

तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका, रेडिएटरचं झाकणही उघडू नका. सायलेन्सरच्या पाइपजवळ हात घालायची घाई तर नकोच.